ज्या तोंडानं बसवलं

त्या राज्यात रात्र व्हायची बंद झाली होती. सूर्य मावळत असे, नाही असं नाही. पण तो मावळायच्या आधीच चौकाचौकांत, झाडाझाडांवर आणि राजवाड्याच्या दगडी कठड्यावर दिवे लागत, आणि ते उजाडेपर्यंत विझता कामा नयेत अशी आज्ञा होती. घुबडांनी डोळे दिपतात अशी तक्रार केली, तेव्हा त्यांना दिवसा झोपण्याचा सल्ला मिळाला. घुबडं पिढ्यानपिढ्या दिवसाच झोपत आली होती, पण हे सल्लागारांच्या लक्षात आणून देण्याची हिंमत कुणात नव्हती. काजव्यांचा धंदा बसला. चोरांचं मात्र काही बिघडलं नाही, कारण त्या राज्यातले मोठे चोर आधीपासूनच उजेडात कामं करत.

या सगळ्याचं कारण साधं होतं. राजा मोर होता. मोराची सगळी पुंजी पिसाऱ्यात, आणि पिसारा अंधारात असला काय नि नसला काय, सारखंच. महाराज गादीवर बसले त्या पहिल्याच रात्री त्यांच्या ध्यानात आलं, की अर्धं आयुष्य आपण कुणाला दिसतच नाही. दिसत नाही तो राजा कसला, असं ते म्हणाले, आणि दरबाराने माना डोलावल्या. तेव्हापासून दिवे आले, आणि दिव्यांमागून तेलाची ओढ आली.

तेल कातळात होतं. सगळं राज्य एका काळ्या, सपाट, अफाट कातळावर वसलेलं होतं. आजोबा-पणजोबांच्या काळात त्या दगडाला जागोजाग आपोआप पाझर फुटे. वात बुडवावी आणि घरी जावं, इतकं सोपं. तो पाझर महाराजांनी थोड्याच वर्षांत जाळून संपवला. उरलेलं तेल होतं ते खोल, आणि तेही एका जागी साठलेलं नव्हे. तिळात असतं तसं कणाकणात कोंडलेलं. लोक म्हणू लागले, कातळ कंजूष आहे. ज्याचं घेतलं जातं त्यालाच कंजूष म्हणायची रीत त्या राज्यात जुनी होती.

अशा वेळी सात तळ्यांपलीकडून शुभ्रशास्त्री नावाचे बगळे आले. अंगावर डाग नाही, आवाजात चढ-उतार नाही. एका पायावर उभे राहून, डोळे अर्धे मिटून ते विचार करत. विचार कसला करतात ते फक्त मासे सांगू शकले असते, पण शास्त्रीबुवा ज्या तळ्यावरून आले त्यात आता मासे उरले नव्हते.

शास्त्रीबुवांची योजना ऐकायला सोपी होती. सुतारपक्ष्यांनी कातळात खोल भोक पाडायचं, तळाशी ते आडवं वळवायचं. मग हत्तींनी राजतळ्यातलं पाणी सोंडांनी त्यात भरायचं आणि सगळ्यांनी मिळून असा रेटा द्यायचा, की दगड आतून तडकला पाहिजे. तडे गेले की कणाकणातलं तेल तड्यांतून भोकात येईल आणि भोकातून दिव्यात. महाराजांना योजना इतकी आवडली, की त्यांनी ती समजून घ्यायच्या आधीच मंजूर केली.

दगड तडकला. तेल आलं. महाराज नाचले. दुसऱ्या दिवशी तेल थांबलं. तडे मिटले होते. कातळाच्या डोक्यावर सगळं राज्य बसलेलं, राजवाडा, हत्तीखाना, दरबार, सगळं. तो तडा उघडा ठेवणार तरी किती वेळ? शास्त्रीबुवांनी तड्यांत वाळू भरवली. कातळाने तिचं पीठ केलं. गोटे भरले, त्यांची वाळू झाली. तेव्हा शास्त्रीबुवा दुसऱ्या पायावर उभे राहिले आणि म्हणाले, की आपल्याला अशी पाचर पाहिजे, जी दाबली की उलट दाबते.

दरबारात कुणीतरी म्हणालं, अहो, मग घोरपडी आहेत ना.

घोरपडी पश्चिमेच्या कड्यावर राहत. त्यांना कुणी कधी दरबारात बोलावलं नव्हतं. बोलावण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतंच: ना रंग, ना आवाज, ना वंशावळ. पण एक गोष्ट त्यांना यायची. फटीत शिरून अंग फुगवलं, की ओढणाऱ्याचे हात निखळतील, घोरपड निखळायची नाही. जितकं दाबाल तितकी ती फुगायची. डोळे मिटायचे, भूक-तहान मागे पडायची, आणि कान तेवढा एकाच आवाजासाठी जागा राहायचा.

त्या आवाजाचाही एक रिवाज होता. गरुडाच्या दिवसांत कड्यावरची वडीलधारी घोरपड सगळ्यांना फटींत बसवी. एकेकीचं नाव घेऊन सांगे, "धर." गरुड निघून गेला, की तीच फटीच्या तोंडाशी येऊन नाव घेई आणि म्हणे, "सोड, घरी चल." दुसऱ्या कुणी कितीही हाका मारल्या, रडलं, ओरडलं, तरी आतली हलत नसे. ज्या तोंडानं बसवलं, त्याच तोंडानं उठवावं, असं त्यांच्यात म्हणत. म्हणून बसवणारीवर मोठी जोखीम. ती कड्यावरून लांब जात नसे, आणि बसलेल्या सगळ्या उठेपर्यंत तोंडात घास घेत नसे. एखादी म्हातारी बसल्या जागीच गेली, तर तिच्या शेपटीतल्या चरबीचा दिवा रात्रभर त्या फटीशी लावत. कातळाच्या तेलाला काळा धूर आणि उग्र दर्प. हा दिवा पिवळा, बिनधुराचा, आणि त्याला भाजलेल्या तिळासारखा वास. तो वास आला की कड्यावरची पोरंसुद्धा खेळ थांबवत.

त्या काळी बसवणारी होती बयजा. वयाने फार नव्हे, पण नजरेला करारी. तिला बोलावणं आलं तेव्हा तिला वाटलं, काहीतरी चोरीचा आळ आला असेल. घोरपडीला बोलावतात ते बहुधा त्यासाठीच. ती मान खाली घालून दरबारात गेली. तिथे शास्त्रीबुवा तिच्यापुढे लवले.

"या, बयजाबाई."

आजवर तिला 'ए' म्हटलं गेलं होतं, आणि पाठोपाठ दगड आला होता. 'बाई' ऐकून तिची मान आपोआप दोन बोटं वर आली. ती पुढे बरेच दिवस खाली आली नाही.

"तुमच्या जातीची पकड ही राज्याची ठेव आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "महाराजांना तुमची गरज आहे असं मी म्हणणार नाही. महाराजांना कुणाचीच गरज नसते. पण महाराज तुम्हाला संधी देत आहेत."

बयजा अगदीच भोळी नव्हती. तिने विचारलं, "किती दिवस बसायचं?"

"पळस फुलायच्या आत तुम्ही सगळ्यांना हाक मारा. मी स्वतः सांगेन."

"आणि पळस फुलला तरी तुम्ही नाही सांगितलं तर?"

शास्त्रीबुवांनी डोळे पूर्ण मिटले. असल्या प्रश्नाने त्यांना दुःख झालं असावं. महाराजांनी मात्र पिसारा थोडासा उलगडून दाखवला आणि सिंहासनाच्या डाव्या बाजूला बयजासाठी एक गादी घातली. रोज लाव्ह्यांची ताजी अंडी तिच्या कुळाला पोचतील असंही ठरलं. लाव्ह्यांना विचारलं नव्हतं, पण लाव्ह्यांना विचारून त्या राज्यात कधीच काही ठरत नसे.

कड्यावर परत जाताना बयजाने मनाशी पक्कं केलं, की पहिली आपली बहीण बसवायची. नाहीतर चार जणी म्हणतील, स्वतःची मागे ठेवली आणि लोकांची पुढे केली. तिची धाकटी बहीण हौसा ही कड्यावरची सगळ्यात जाडी, सगळ्यात हसरी घोरपड. बयजाने तिला भोकातून खाली नेलं, सगळ्यात मोठ्या तड्याशी उभं केलं.

हौसाने आत डोकावून पाहिलं. मग वर पाहिलं. "अक्का, गरुड कुठाय?"

"गरुड नाही गं. राज्याचं काम आहे."

"मग गरुड गेला हे कळणार कसं?"

"मी सांगेन ना."

"मग बरं," हौसा म्हणाली, आणि हसत हसत तड्यात शिरली. "विसरलीस तरी चिंता नको. ही शेपटी बघितलीस ना? हिच्या जिवावर वर्ष काढीन."

"हौसा, धर," बयजा म्हणाली. हौसाने अंग फुगवलं. मग धुरपा, केरबा, भिवरा, दगडू, एकेकाला नावाने बसवत बयजा शेवटच्या तड्यापर्यंत गेली. आणि तडे उघडे राहिले.

तेल असं वाहिलं म्हणता! दिवे दुप्पट झाले. झाडांवर पानं दिसेनात, दिवे दिसू लागले. महाराज आता दिवस-रात्र नाचू लागले आणि बघणाऱ्यांना जांभया द्यायची मनाई झाली. गादीवर बसलेल्या बयजाकडे बोट दाखवून हरणं आपल्या पाडसांना सांगत, ती बघा, त्याच त्या. बयजा अंडी खात असे. सुरुवातीला तिला घास गिळताना रिवाज आठवला, पण हे काही गरुडाचे दिवस नव्हेत, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

मग धार बारीक झाली. आधी ती दोन सोंडांएवढी होती, मग एका सोंडेएवढी, मग शेपटीएवढी. पळस फुलला तेव्हा नुसतं ठिबकत होतं. बयजा शास्त्रीबुवांकडे गेली. "तेल संपलं. आता हाक मारते."

"संपलं?" शास्त्रीबुवांना धक्का बसला. "बयजाबाई, दहातले नऊ हिस्से अजून आतच आहेत. आत्ता हाक मारलीत, तर त्या सगळ्यांनी आजवर जे धरलं ते वाया गेलं म्हणायचं. हौसाबाईंना काय सांगाल?"

हे बोलणं बयजाला पटलं नाही. पण खोडूनही काढता आलं नाही. शहाण्याची हीच खूण, की त्याचं पटत नाही आणि खोडता येत नाही. ती परत गादीवर येऊन बसली. गादी अजून गरम होती.

त्यानंतर दरबारात तेलवाढ मंडळ स्थापन झालं. मंडळासाठी नवा मंडप उभा राहिला, आणि त्यात इतके दिवे लागले, की आलेलं बरंचसं तेल 'तेल कसं वाढवावं' याचा विचार करण्यातच जळू लागलं. मंडळाने पहिली सुधारणा केली ती अशी, की त्याच भोकात पुन्हा पाणी, या वेळी दुप्पट रेट्याने. दगड पुन्हा तडकला, नवे तडे गेले, नव्या घोरपडी लागल्या. बयजाने बसवल्या. पण आता कातळ अधूनमधून हलू लागला. सशांची बिळं ढासळली, सिंहासन तिरकं झालं. त्यावर दवंडी पिटली, की महाराज नाचतात तेव्हा धरणी आनंदाने डोलते, आणि जो याला दुसरं काही म्हणेल त्याला नाच कळत नाही. सिंहासनाखाली लाकडाची ढलपी सरकवली आणि ते सरळ केलं.

थोडं तेल आलं, पुन्हा थांबलं. मंडळाने दुसरी सुधारणा काढली: पहिल्या भोकाला खेटून दुसरं भोक. दुसऱ्यातून तेल आलं आणि जल्लोष झाला. पहिल्यातलं त्याच दिवशी आटलं, कारण त्याचंच तेल तड्यातड्यांतून दुसरीकडे पळालं होतं. एका भाकरीचे दोन तुकडे करून भाकरी वाढली म्हणावं, तसला हा प्रकार. पण मंडळाने नव्या भोकाचं तेल मोजलं, आणि जुनं भोक विश्रांती घेत आहे असं जाहीर केलं.

या भानगडीत राजतळं अर्धं झालं. एक म्हातारा बेडूक दरबारात येऊन म्हणाला, "महाराज, पाणी गेलं." त्याचा आवाज चांगला खणखणीत होता. त्याला तिथल्या तिथे राजगायक नेमलं. दुसऱ्या दिवसापासून तो आटत्या तळ्याच्या काठावर बसून महाराजांचं कौतुक गाऊ लागला, आणि बाकीचे बेडूक त्याच्या मागे सूर धरू लागले. ज्यांना सूर सापडला नाही ते चिखलात खाली खाली गेले.

पळस दुसऱ्यांदा फुलला. बयजाला आता गादीवर झोप लागत नसे. डोळा मिटला की फटीचं तोंड दिसे. ती कुणाला बोलली नाही, बोलणार कुणाला? कड्यावर उरलेल्या घोरपडी तिला बघून गप्प होत. त्यांना अंडी वेळेवर पोचत होती, तक्रारीला जागा नव्हती.

तेव्हा शास्त्रीबुवांनी शेवटची आणि सगळ्यात मोठी सुधारणा मांडली. पाण्याने जमलं नाही ते वाऱ्याने जमेल. हत्तींनी भोकात गरम फुंकर मारायची, दिवसचे दिवस मारायची, मग भोकाला दगडी बूच ठोकायचं आणि वाट बघायची. फुंकर कणाकणात शिरेल, तेल सैल होईल, आणि बूच काढलं की उसळून वर येईल.

"कैरी टाकली आणि लगेच बरणी उघडली, तर त्याला लोणचं म्हणत नाहीत," ते म्हणाले. "मुरू द्यावं लागतं."

बयजा गादीवरून उठली. दरबारात ती पहिल्यांदाच विचारल्याशिवाय बोलली. "आत माझं कूळ आहे, शास्त्रीबुवा. माझी बहीण आहे. तुम्ही कैरीच्या गोष्टी सांगता."

"म्हणूनच तर मला खात्री आहे," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "दुसरं कुणी असतं तर सोडून पळालं असतं. बूच ठोकायच्या आधी तुम्ही एकदा खाली जाऊन या. धीर द्या त्यांना. तुमचं तोंड म्हणजे त्यांचा जीव."

बयजा भोकातून खाली गेली. सोबत शास्त्रीबुवा आले, आणि मागून अंड्यांची टोपली घेतलेला सेवक. वर हत्ती ओळीने उभे होते. बयजाने ठरवलं होतं, की आता पुरे. जीभ टाळूला लावून तिने शब्द तयारच ठेवला होता. सगळ्यात मोठ्या तड्याशी तिने तोंड नेलं, आणि तिने काही म्हणायच्या आतच आतून आवाज आला. हौसाचाच, पण चोथा झालेला.

"अक्का? आलीस? गरुड गेला का?"

बयजाने मागे वळून पाहिलं. शास्त्रीबुवा एका पायावर उभे होते, डोळे अर्धे मिटलेले, मान आत ओढलेली. सेवकाच्या हातात टोपली होती. टोपलीतल्या अंड्यांवर दिव्याचा उजेड पडला होता. आत्ता हिला हाक मारली, तर गादी जाईल, अंडी जातील, 'बाई' जाईल. आणि कड्यावरच्यांना काय सांगायचं, की दोन पळस उगाच बसवलं? एवढं सगळं एका क्षणात तिच्या डोक्यात आलं, आणि टाळूला लागलेली जीभ खाली पडली.

"नाही गं अजून," ती म्हणाली. "धर जरा."

"बरं," हौसा म्हणाली. "शेपटी आहे अजून थोडी."

बयजाला लाज वाटली. इतकी वाटली, की त्या दिवशी तिने अंडं तोंडात घातलं नाही. दुसऱ्या दिवशी घातलं.

फुंकर मारली गेली, बूच ठोकलं गेलं. ते हलू नये म्हणून सगळ्यात वजनदार हत्ती त्यावर बसवला. हत्तीला तिथे झोप लागली. शास्त्रीबुवा इतर राज्यांना तेलवाढीचं ज्ञान द्यायला गेले. बूच कधी काढायचं हे मंडळाला माहीत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला हे विचारायला सभा भरवावी लागली असती. सभेला लागणारं तेल शिल्लक नव्हतं. बयजा रोज बुचापाशी जाई. दगडाला तोंड लावून हाक मारी, नावं घेई, शब्द म्हणे. बूच जाड होतं. हत्ती झोपेत कूस बदलून म्हणे, "बाई, मुरू द्या की." पळस फुलला, गळला. कड्यावर गरुड आले नि गेले, आणि या खेपेला कुणाला बसवायला बयजा कड्यावर नव्हती.

महाराजांच्या राज्यारोहणाच्या वर्धापनदिनाचा मोठा सोहळा जवळ आला, तेव्हा शास्त्रीबुवा परतले आणि बूच काढायचा हुकूम झाला. हत्ती उठवला. बूच उपसलं. क्षणभर नुसती वाफ आली. आणि मग तेल आलं, आजवर कधी आलं नव्हतं इतकं, दाटसर, पिवळं, आतला बुडबुडासुद्धा दिसावा इतकं नितळ. मंडळातले सभासद एकमेकांच्या गळ्यात पडले. शास्त्रीबुवांनी चोचीचं टोक बुडवून पाहिलं, डोळे पूर्ण उघडले आणि म्हणाले, "नुसती वाढ नाही. सुधारणा."

"आता तरी हाक मारू?" बयजाने विचारलं. "बूच निघालंय."

"मारा की," शास्त्रीबुवा प्रेमाने म्हणाले. "सोहळा होऊन जाऊ द्या, आणि खुशाल मारा. आज तुमचा मान आहे."

सोहळा सांजवेळी होता. सूर्य टेकला होता, आणि राजवाड्याच्या कठड्यावर मातीच्या नव्या पणत्यांची लांबच लांब ओळ मांडली होती. त्या दिवशी राज्यात बाकी कुठे एकही दिवा लावायचा नव्हता, म्हणजे नवं तेल सगळ्यांच्या डोळ्यांत भरावं. सगळी प्रजा अंगणात जमली. बेडकांनी सूर धरला. महाराज मधोमध उभे राहिले, पिसारा अजून मिटलेला, आणि त्यांच्या डाव्या बाजूला गादीवर बयजा. पणत्या पेटल्या, आणि कुणीही सांगायच्या आत सगळ्यांच्या लक्षात आलं, की धूर नाही. पिवळ्याधमक, स्थिर ज्योती.

"असंच तेल पाहिजे," महाराज म्हणाले. "यापुढे हेच."

"होईल, महाराज," शास्त्रीबुवा लवून म्हणाले. "पकड थोडी तरुण मिळाली, तर याहून चांगलं होईल. कड्यावर पिल्लं पुष्कळ आहेत. बयजाबाई आहेतच." आणि त्यांनी ओळीतली पहिली पणती उचलून मानाने बयजाच्या पुढ्यात ठेवली.

बयजाने पणतीकडे पाहिलं नाही. तिला आधी वास आला. भाजलेल्या तिळाचा. अंगणाच्या कडेला, उरल्यासुरल्या घोरपडींमध्ये खेळणारी पोरं एकदम थांबली.

बेडूक गातच होते. बयजाने ज्योतीकडे पाहिलं. मग तिने गादीवरून खाली उतरून, फटीशी न्यावं तसं पणतीशी तोंड नेलं आणि म्हणाली,

"हौसा, सोड. घरी चल."

शब्दाच्या वाऱ्याने ज्योत वाकली आणि विझली.

लोकांना वाटलं, हा विधीचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बयजा कठड्यावर चढली आणि दुसऱ्या पणतीशी गेली. "धुरपा, सोड. घरी चल." तिसऱ्या पणतीशी गेली. "केरबा, सोड. घरी चल." कोण कुठल्या पणतीत आहे ते तिला कळणं शक्य नव्हतं. ज्या ओळीने बसवलं होतं त्याच ओळीने ती उठवत गेली, एकही नाव न चुकता. भिवरा उठली. दगडू उठला. टाळ्या विरळ झाल्या, मग थांबल्या. बेडकांचा सूर तुटला. शास्त्रीबुवा काहीतरी म्हणाले, पण ते कुठल्या बाजूने म्हणाले हे आता नीट दिसत नव्हतं. घुबडांनी पंख झटकल्याचा आवाज आला.

शेवटच्या पणतीशी येऊन बयजाने शेवटचं नाव घेतलं, आणि ती ज्योतही विझली.

त्या वेळी महाराजांनी पिसारा पूर्ण फुलवलेला होता, असं सांगतात. पाहिला मात्र कुणीच नाही.